सटवाईचा कोरा कागद

आमच्याकडं मूल जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाईची पूजा असते, पाचवी म्हणतात. पाटा-वरवंटा मांडायचा, हळदीकुंकू वाहायचं, दिवा लावायचा आणि शेजारी एक कोरा कागद न पेन ठेवायचं. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या नशिबात काय ते लिहून जाते. त्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही, घरातलं कुणीतरी जागं राहायचं. लहानपणी चुलतभावंडांच्या पाचवीला मी सकाळी उठल्या उठल्या तो कागद बघायला पळायचो, कोराच असायचा, आणि आजी म्हणायची, "ते तुला दिसायचं न्हाई."

पुढं एकदा त्या कागदावर खरंच लिहिलेलं मी बघितलं. डिसेंबर २०१५, आमच्या खटाव तालुक्यातल्या घरी, माझ्या भाच्याची पाचवी होती.

बहीण धाकटी, तासगावकडं दिलेली. सासरची द्राक्षबाग आहे, माणसं चांगली. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सातव्या महिन्यात ओटीभरण झाल्यावर आम्ही तिला घेऊन आलो. येताना गाडीत साड्या आल्या, फळांच्या करंड्या आल्या, लाडवाचे डबे आले, आणि सरकारी दवाखान्याचं माता-बाल कार्ड राहिलं तासगावला कपाटात. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या आळीतल्या आशाकाकी आल्या आणि त्यांचा पहिला प्रश्न, "कार्ड कुठंय?" (आशाकाकी म्हणजे आशा सेविका, आमच्याच भावकीतली सून, गाव त्यांना आशाकाकीच म्हणतं, खरं नाव बऱ्याच पोरांना ठाऊक पण नाही.) काकींनी तासगावला फोन लावून तिथल्या आशाताईला गाठलं, कार्डाचा फोटो मागवून घेतला. हिमोग्लोबिन ८.४. गरोदर बाईला निदान ११ तरी पाहिजे. आणि बहिणीच्या पिशवीत लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं निघाली, जवळजवळ सगळी भरलेली.

गोळ्या खाल्ल्या की बाळ मोठं होतं, मग सीझर करावं लागतं, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. दुसरीनं सांगितलं बाळ काळं होतं. आणि मळमळायचं पण. तिनं हे आईला नाही सांगितलं, नवऱ्याला नाही, डॉक्टरला तर नाहीच. सातवा महिना लागेपर्यंत कुणी विचारलं पण नव्हतं की बाई गं, गोळ्या खातेस का. पाकिटं दिली, रजिस्टरला नोंद झाली, संपलं. काकींनी सांगितलं की जेवणानंतर घे, चहाबरोबर घेऊ नको, लिंबू पिळून पाणी पी, शौचाला काळं झालं तर घाबरू नको. घेतल्या तिनं मग. पण दोन महिन्यात रक्त भरून भरून किती भरणार.

बाळंतपण एका हॉस्पिटलात झालं, नाव घेत नाही. तीन आठवडे आधीच झालं, बाळ २ किलो १०० ग्रॅम. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, ते मला तेव्हा माहीत पण नव्हतं, मी तर पेढे घेऊन गेलेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बिल भरलं आणि घरी सोडलं. चिठ्ठीवर टॉनिक आणि पावडरचं दूध लिहून दिलं, आणि तोंडी सांगितलं, "जपा." कशाला जपायचं, कसं जपायचं, काय दिसलं की परत यायचं, एक अक्षर नाही. आम्ही पण विचारलं नाही, खरं तर काय विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काकी पिशवी घेऊन आल्या. झोळीच्या काट्यावर वजन केलं, दोन किलो. थोडं उतरतंच म्हणाल्या. पार तासभर बसल्या होत्या, मी सोप्यात मोबाईल बघत होतो पण आतलं सगळं ऐकू येत होतं. आंघोळ घालू नका, पुसून घ्या. डोक्याला टोपडं, पायात मोजे. दर दोन तासांनी पाजायचं, झोपलं असलं तरी उठवून. आईच्या उघड्या छातीवर बाळाला उघडंच ठेवायचं, वरनं दोघांना मिळून पांघरूण. आजीनं हॉस्पिटलातच मधाचं बोट चाटवलेलं आणि चीक जड पडतो म्हणून पिळून टाकायला लावलेला, ते कळल्यावर काकी रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "आजी, गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण आळीभर वाटतो, आन लेकीचा चीक तेवढा वाया घालवायचा व्हय?" आजी गप्प बसली. जाताना काकींनी दाराच्या मागं खडूनं त्यांचा फोन नंबर लिहिला. मोठ्या आकड्यात.

आजी माझी पन्नास वर्षं सुईणपण केलेली बाई. तिच्या हातावर निम्मं गाव जन्मलंय, मी पण. तिला अडाणी म्हणणाऱ्याशी मी आजही भांडेन. पण पाचवीला देवीपुढं मूल बिनआंघोळीचं कसं ठेवायचं, हे तिला पटेना. मग घातली आंघोळ. तेल चोळलं, टाळू भरली, ओव्या-शोपाची धुरी दिली. डिसेंबरातला खटावचा वारा ज्याला माहितीय त्याला माहितीय, दुपारीसुद्धा सावलीत काकडायला होतं. दिवसभर बायका येत होत्या, बाळ या मांडीवरनं त्या मांडीवर. झोपलेलंच होतं, सगळ्या म्हणत होत्या काय गुणाचं लेकरू आहे, अजिबात रडत नाही.

रात्री दीडच्या सुमाराला आतनं बहिणीनं हाक मारली, "दादा, हे ओढंना झालंय."

मी उंबऱ्याशी गेलो आणि थांबलो. सोयर होतं, बारशापर्यंत बाळंतिणीच्या खोलीत गड्यानं जायचं नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, बाहेर घोंगडीत, त्यांना जाग आली होती पण ते उठले नाहीत, बायकांचं काम. आजी दिव्यापाशी बसलेली, म्हणाली, "आरं पाचवीची रात हाय, देवी आली आसंल, लेकराला हलवू नगा." आई काहीच बोलेना, ती सासूच्या शब्दापुढं कधी गेलीच नव्हती. म्हणजे बघा, घरात पाच मोठी माणसं जागी, आणि जिला कळत होतं की काहीतरी बिघडलंय ती एकोणीस वर्षांची पोरगी बाजेवर पडलेली, तिच्या शब्दाला त्या घटकेला किंमत नाही.

मी आत गेलो. बाळाच्या पायाला हात लावला, पहाटेच्या तांब्याच्या हंड्यासारखा गार. दार लोटलं, मागचा खडूचा नंबर बघून फोन लावला. दुसऱ्या रिंगला काकींनी उचलला.

पाच मिनिटात आल्या, डोक्याला स्कार्फ, हातात बॅटरी. आधी बाळाच्या पावलाला हात लावला, मग पोटाला. नुसतं पाऊल गार असलं तर बाळाला थंडी वाजतीय, पोट पण गार असलं तर दवाखाना, हे त्यांनी मला नंतर शिकवलं. पोट पण गार होतं. थर्मामीटर काखेत लावला, ९५.२. घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजले. मग म्हणाल्या, "कागद द्या एखादा." आम्ही सगळे इकडं तिकडं बघतोय, आणि काकींनी सरळ पाटापूजेतला कोरा कागद न पेन उचललं आणि लिहिलं. वेळ १.४०. ताप ९५.२. श्वास ६८. शेवटचं नीट पाजलं संध्याकाळी ७. वजन तिसऱ्या दिवशी २ किलो.

आजीच्या तोंडनं "आगं बया" निघालं. मग काही नाही.

काकींनी बहिणीचं पोलकं सोडायला लावलं, बाळाचे ओले लंगोट काढून त्याला तसंच तिच्या छातीला लावलं, टोपडं आजीच्या हातात दिलं, "तुम्ही घाला आजी, तुमचा हात हलका हाय," आणि वरनं आण्णांची घोंगडी. मला म्हणाल्या, वडापवाल्याला उठव, जीप दारात हाय, वाट बघत बसायचं न्हाई. बाजूच्याच गल्लीत वडापची, म्हणजे भाड्यानं माणसं नेणारी जीप उभी असते. अर्ध्या तासात आम्ही वडूजला, तिथनं पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला सिव्हिलला, बाळ सगळा रस्ता बहिणीच्या छातीवर, आणि काकी दर थोड्या वेळानं पांघरुणात हात घालून बघत होत्या. कोरेगावच्या जवळपास म्हणाल्या, "पोट ऊन लागतंय." त्या आवाजात काय होतं ते मला लिहून सांगता येणार नाही.

नवजात बाळांच्या विभागात नऊ दिवस. साखर उतरली होती आणि जंतुसंसर्ग सुरू झाला होता. तिथल्या डॉक्टर मॅडमनी तो कागद वाचला, विचारलं कुणी लिहिलंय, आणि फाईलला पिनानं लावून ठेवला.

भाचा आता शाळेत जातो. गणितात बरा आहे, जेवायला नखरे करतो.

त्या नऊ दिवसांत सिव्हिलच्या व्हरांड्यात बसून आणि पुढची बरीच वर्षं मला एकच गोष्ट कुरतडत राहिली. पाचवीच का? आपल्या जुन्या बायकांनी भीतीची रात्र म्हणून पाचवी-सहावीच का निवडली? मग कळत गेलं. पहिल्या महिन्यात जी बाळं जातात त्यातली चारातली तीन पहिल्या आठवड्यातच जातात. पूर्वी नाळ विळ्यानं नाहीतर दगडानं कापायची, वरनं राख नाहीतर शेण लावायचं, मग दोन-तीन दिवस छान प्यायलेलं बाळ आठवड्याच्या आसपास अचानक तोंड मिटून घ्यायचं, अंग धनुष्यासारखं ताठ. धनुर्वात. कुणाला जंतू माहीत नव्हते पण दिवस बरोबर माहीत होता. त्या दिवसाला त्यांनी देवी केलं आणि सांगितलं की जागे राहा. आणि आशाच्या भेटींचे दिवस बघा, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. तिसरा आणि सातवा, मधे पाचवी. आजीला आणि काकीला एकाच गोष्टीची भीती वाटत होती, आजीकडं त्यावर दिवा होता आणि काकीकडं थर्मामीटर. माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातनं हद्दपार झाल्याचं जाहीर झालं ते साल २०१५, भाचा जन्मला तेच. म्हणजे जिला घाबरून आजी दिवा लावून बसली होती ती जुनी सटवाई बहुतेक गेलेली होती, पण गारठ्याची, कमी वजनाची, जंतुसंसर्गाची सटवाई अजून दारात होती.

आणि नावं. माझ्या वडलांचं कागदावरचं नाव दगडू. आजीची आधीची तीन गेली, दोन पाचवीच्या आत आणि एक चालायला लागल्यावर, म्हणून चौथ्याचं नाव दगडू ठेवलं, की देवाला वाटावं हा काय दगड आहे, कशाला न्यायचा. आमच्या गावची जुनी मतदार यादी काढून बघा कधी. दगडू, धोंडीराम, केरबा, भिकू, दगडाबाई. प्रत्येक नावामागं आधी गेलेली दोन-तीन बिननावाची लेकरं आहेत, त्यांची नोंद कुठंच नाही, मागनं जगलेल्याच्या नावात तेवढी राहिलीत. १९७१ साली भारतात जन्मलेल्या हजार बाळांमागं १२९ बाळं वर्षाची व्हायच्या आत जायची, साधारण आठात एक. २०२० साली देशाचा आकडा २८ वर आला, महाराष्ट्राचा १६. दगडू नाव आता कुणी ठेवत नाही त्याला फॅशन एवढंच कारण नाहीये.

मुलींच्या नावांची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. तिसरी-चौथी मुलगी झाली की नकुशी. हे आमच्याच सातारा जिल्ह्यात, लांब कुठं नाही. २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात कार्यक्रम घेऊन २८५ नकुशींना नवी नावं दिली होती. मला तो दिवस आठवतो कारण आमच्या वर्गात एक नकुशी होती आणि आम्ही तिला त्याच नावानं हाका मारायचो, दहावीपर्यंत, आणि त्या नावाचा अर्थ काय होतो हे कधी आमच्या डोक्यात पण आलं नाही. नको असलेल्या मुलीला ताप आला तर दवाखान्यात न्यायला किती उशीर होत असेल, याचा हिशोब कुठल्या रजिस्टरला असतो?

उशिराचंच सगळं आहे हे. काकींच्या ट्रेनिंगमधे शिकवतात, तीन उशीर. पहिला ठरवायला, दुसरा पोचायला, तिसरा पोचल्यावर उपचार सुरू व्हायला. आपण कायम दुसऱ्या-तिसऱ्यावर बोलतो, रस्ता नाही, गाडी नाही, डॉक्टर नाही. ते खरंच आहे, कांदाटी खोऱ्यातल्या बाईला अजून कोयनेच्या पाण्यातनं लाँचनं यावं लागतं, तिच्याशी मी काय वाद घालू. पण आमच्या घरी जीप गल्लीत उभी होती, खिशात पैसे होते, डांबरी रस्ता होता. आमचा उशीर सोप्यापासनं माजघरापर्यंतचा होता, पंधरा फुटांचा. गाडीची किल्ली, पाकीट, फोन सगळं गड्यांकडं, आणि बाळ बघायची बंदी पण गड्यांनाच. महाराष्ट्रात आता शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात, २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत ९४.७ टक्के आहे. छानच झालं. पण बाळ दवाखान्यात दोन-तीन दिवस असतं आणि पाचवी घरीच उजाडते, आणि घरी त्या खोलीत कुणाला काय ठाऊक आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

हे घरी जाऊन बघायचं शहाणपण आपल्याच मराठी मुलखातलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, वजन, ताप, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ साली ते जगापुढं आलं. तिथनं सुरू झालेलं काम आज आशाच्या पिशवीत आहे. आणि त्या बेचाळीस दिवसांतल्या सगळ्या भेटींचे मिळून काकींना मिळत होते अडीचशे रुपये. सहा भेटी, म्हणजे एका भेटीला चाळीस-बेचाळीस रुपये. मोबदल्यासाठी आशा संपावर गेल्या तेव्हा आमच्या कट्ट्यावर लोक म्हणत होते यांना काय कमी आहे, आणि मी तिथनं उठून आलो. रात्री दीडला उठून साताऱ्यापर्यंत जीपमधे मांडी घालून बसायचे पैसे तर कुठल्याच फॉर्मवर नव्हते.

दाजींचं सांगायचं राहिलं. बागेचं काम ऐन भरात होतं, तरी ते सगळं टाकून सिव्हिलला आले. तिथल्या सिस्टरनी त्यांना सांगितलं की बाळाला छातीवर ठेवायचं काम बापाला पण जमतं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली बाळांना ऊब द्यायच्या काचेच्या पेट्या कमी पडायला लागल्या म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीला बांधली आणि ती जगली, तिथनं ही पद्धत जगभर गेली, कांगारू म्हणतात तिला. आमचे दाजी सहा फूट, द्राक्षाच्या फवारणीनं रापलेले. लाजत लाजत शर्टाची बटणं काढून खुर्चीत बसले आणि मग तीन तास हललेच नाहीत. आण्णांनी ते दारातनं बघितलं. घरी आल्यावर त्यांनी सोयरं-बियरं काही काढलं नाही, रोज सकाळी स्वतः आत जाऊन नातवाच्या पोटाला हात लावून यायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, ऊन हाय.

आता दर हंगामात कराडकडं ऑफिसला जाता-येता कारखान्याच्या वाटेवर ऊसतोडीच्या टोळ्यांच्या खोप्या दिसतात, पाचटाच्या, प्लास्टिकच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, बाईनं खाडा केला तर कोयताच मोडला, म्हणून पोट पुढं आलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना मी डोळ्यानं बघितलीय. तिचं कार्ड तिच्या गावाला, तिची आशा तिच्या गावाला, आणि डिसेंबरच्या रात्री खोपीत ना आजी, ना आळी. आमचं बाळ भिंतीच्या घरात गार पडलं. मागच्या हंगामात एका खोपीपाशी ओली बाळंतीण बसलेली दिसली, मी गाडी थांबवून तिच्या नवऱ्याला बाजूला घेतलं आणि पाऊल-पोटाचं सांगितलं, तो आधी माझ्याकडं संशयानं बघत राहिला, आणि त्याचं काही चुकलं नाही, कोण कुठला माणूस गाडी थांबवून लेकराच्या पोटाला हात लाव म्हणतोय. मग त्या गावच्या आशाताईला शोधून काढलं. त्या म्हणाल्या मला माहितीय ती टोळी, कालच जाऊन आले, उद्या परत जाणार आहे. त्यांच्या यादीत ती बाई नव्हती, मोबदल्यात पण नसणार. तरी गेल्या होत्या.

आजी जाऊन चार वर्षं झाली. माझ्या मुलीच्या पाचवीला ती होती. पाटा मांडला, दिवा लावला, कागद-पेन ठेवलं, आंघोळ घातली नाही, ओल्या फडक्यानं पाय तेवढे पुसले. आणि पूजेला बसायच्या आधी मला म्हणाली, "आशाला सांगावा धाड, तिचं काय लिवायचं आसंल ते लिवून जाऊंदे."

आशाकाकींचा गुडघा आता दुखतो. गावापासनं चार किलोमीटरवर माळावर एक वस्ती आहे, तिथं आजच एक बाळंतीण घरी आलीय, बाळ १ किलो ९००. उद्या तिसरा दिवस. मी सुट्टीवर गावी आलोय म्हणून त्यांनी विचारलं, सोडशील का रे गाडीवर. सकाळी सातला निघायचंय, त्या बाळाचा बाप रानात जायच्या आधी त्याला घरात गाठायचाय म्हणाल्या.